गोबरगॅसचं पोट केवढं असावं

शिरूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे. घरी तीन संकरित गायी, दोन म्हशी, दोन वासरं. दोन एकर सुरू (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेला) ऊस आणि थोडा भाजीपाला. घरात सहा माणसं. नणंदेची रांजणगाव एमआयडीसीजवळ खानावळ आहे, तिथलं उरलंसुरलं अन्न रोज दहा-बारा किलो मिळू शकतं. एका विक्रेत्याने १० घनमीटरचा प्लांट आणि जनरेटर असा संच सुचवला आहे. त्यावर विहिरीवरची ५ एचपीची मोटर चालेल, असं तो म्हणतो. ताईंच्या मालकांना वीज हवी आहे, ताईंना स्वयंपाकाचा गॅस हवा आहे, आणि सासूबाईंना शेणाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य करणं पटत नाही. उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, टाकीत चालेल का, असंही शेवटी विचारलं आहे.

ताई, मी पुणे जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं गोबरगॅस बांधतोय. बंद पडलेले प्लांटही पुष्कळ उघडून पाहिले. त्यातले बहुतेक उपासमारीने मेलेले होते. टाकी मोठी, गोठा लहान. पहिले सहा महिने घरच्यांनी कुठून कुठून शेण आणून भरलं, मग कंटाळले, आणि टाकीत पावसाचं पाणी साचलं. म्हणून सगळ्यात आधी सांगतो, १० घनमीटरचा प्लांट घेऊ नका. तुमच्या गोठ्याला २ घनमीटरचा पुरे, खानावळीचं अन्न खात्रीने रोज येणार असेल तर ३.

हिशोब साधा आहे. प्लांटचे घनमीटर म्हणजे रोज मिळणारा गॅस, टाकीचं माप नव्हे. १ घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. म्हणजे १० घनमीटरला २५० किलो. विक्रेत्याने बहुधा जनावरं मोजली, शेण मोजलं नाही. तुमच्या गायी दिवसा बांधावर, ओढ्याकाठी चरत असतील तर तिथलं शेण तुमच्या हाताला लागत नाही. गोठ्यात गाय १० ते १२ किलो देते, म्हैस १५ च्या आसपास, वासरांचं किरकोळ. चरण्यात गेलेलं वजा केलं, की तुमच्याकडे रोज ५० किलो पडतं असा माझा अंदाज. पण अंदाजावर खड्डा खणू नका. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाटी काट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. त्यात एक दिवस पावसाचा आणि एक दिवस घरात कार्य असलेला आला तर उत्तमच. गडबडीच्या दिवशी किती शेण उचललं जातं, तो आकडा खरा.

आता ५० किलो शेणातून २ घनमीटर गॅस येतो असं धरू. १ घनमीटर गोबरगॅस म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. तुमच्या २ घनमीटरमधून रोज ९०० ग्रॅम, महिन्याला कागदावर २७ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या दोन सिलिंडरना थोडा कमी. स्वयंपाकाला माणशी पाव ते ०.३ घनमीटर लागतो. सहा माणसांचा सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक आणि चहापाणी यात बसतं. उन्हाळ्यात थोडा गॅस उरेल, त्यावर आंघोळीचं पाणी तापवा. थंडीत उरणार नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

आणि हाच २ घनमीटर गॅस इंजिनात घातला तर? लहान इंजिनावर १ घनमीटरमागे दीड युनिट वीज हाती आली तर समाधान मानायचं. तुमची दिवसाची तीन युनिट झाली. ५ एचपीची मोटर तासाला चार युनिटच्या आसपास ओढते. म्हणजे दिवसभराचं सगळं शेण पाऊण तासाच्या पाण्यात संपलं, आणि चूल पुन्हा लाकडावर. शिवाय गोबरगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो आधी काढून टाकला नाही तर इंजिनाचे भाग आणि ऑइल दोन्ही खातो. वर्षभरात दुरुस्तीला आलेली अशी इंजिनं मी पाहिली आहेत. शंभर जनावरांचा गोठा असेल, दूध थंड करायची टाकी असेल, तर जनरेटरचा विचार जरूर करावा. पाच जनावरांवर तो करू नये. राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे, आणि दिवसा पाणी हवं असेल तर सौर पंपाची योजना आहे. मालकांना हे दोन्ही समोर ठेवून समजवा. शेणापासून वीज करण्याची त्यांची हौस चुकीची नाही, फक्त तेवढं शेण आपल्याकडे नाही.

विक्रेत्याने तुम्हाला कदाचित असंही सांगितलं असेल, की जास्तीचा गॅस सिलिंडरमध्ये भरून ठेवता येईल. हे कुणी म्हणालं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. स्वयंपाकाचा एलपीजी थोड्या दाबाने द्रव होतो, म्हणून तो टाकीत मावतो. गोबरगॅसमधला जळणारा भाग मिथेन आहे. तो उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. मोठे प्रकल्प त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून, मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेऊन, दोनशेपेक्षा जास्त बार दाबाने खास टाक्यांत भरतात. २०१८ साली केंद्राने 'सतत' योजना आणली ती त्याच गॅससाठी. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, असे प्रकल्प होतात, आणि तिथे एक टन गॅसला पंचवीसेक टन प्रेसमड लागतो. ते काम कारखान्याचं. घरी कॉम्प्रेसर लावून असला उद्योग केला तर स्फोट होऊ शकतो.

आता टाकीच्या आत काय चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोबरगॅस म्हणजे म्हशीचं आणखी एक पोट समजा. त्यात हवा जात नाही. जिवाणूंची एक टोळी अन्नाचे तुकडे करून त्याचं आम्ल बनवते आणि दुसरी टोळी त्या आम्लाचं मिथेन करते. पहिली टोळी काही तासांत दुप्पट होते. दुसरीला कित्येक दिवस लागतात. दोघींचा मेळ बसला, की निळी ज्योत. अचानक भरमसाट सोपं अन्न पडलं तर पहिली टोळी सुसाट सुटते, आम्ल साचतं, आणि दुसरी टोळी त्या आंबटपणात मरते. म्हशीने एकदम पोतंभर भरडा खाल्ला तर जे होतं, अगदी तेच.

चाकणजवळच्या एका शेतकऱ्याकडे हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुलीच्या लग्नातला उरलेला भात वाया जाऊ नये, या चांगल्या भावनेने त्यांनी चार पिंपं एका दिवसात टाकीत ओतली. दोन दिवस गॅस असा वाढला की शेजारी बघायला आले. तिसऱ्या दिवशी ज्योत पिवळी, फडफडती. पाचव्या दिवशी गॅस येत होता पण पेटत नव्हता, म्हणजे बाहेर पडत होता तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आउटलेटला, म्हणजे टाकीच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला, आंबट वास. आम्ही आठ दिवस काहीही घातलं नाही. मग चुन्याची निवळी थोडी थोडी करून दिली, शेजारच्या चालू प्लांटमधून चार पिंपं स्लरी, म्हणजे पचून बाहेर पडलेलं पातळ शेण, आणून ओतली, आणि नुसतं शेण, तेही निम्मं, सुरू केलं. ज्योत निळी व्हायला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी प्रत्येक घरी पीएच पेपर ठेवायला सांगतो. स्लरीचा सामू, म्हणजे आंबटपणा दाखवणारा पीएचचा आकडा, ६.८ ते ७.५ मध्ये असावा. साडेसहाच्या खाली दिसला, की खाणं बंद.

म्हणून खानावळीच्या अन्नाबद्दल मी उत्साही आहे आणि तितकाच सावधही. उत्साह यासाठी, की शेण हे एकदा पचून आलेलं अन्न आहे. त्यातलं सोपं सत्त्व गायीने आधीच घेतलंय. भात, पोळी, डाळ यांत ते सगळं शिल्लक असतं, म्हणून दहा-बारा किलो शिळ्या अन्नातून घनमीटरभर गॅस निघतो, ज्याला शेण पंचवीस किलो लागलं असतं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 'आरती' संस्थेत नेमकं हेच हेरून पिठूळ आणि गोड कचऱ्यावर चालणारा घरगुती प्लांट बनवला, आणि त्यासाठी संस्थेला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. गोबरगॅसला गाय लागतेच, हा समज त्या कामाने मोडला. तुमच्याकडे गायही आहे आणि भातही, तेव्हा दोन्ही जोडा, पण शेण मुख्य ठेवा. शेण टाकीला स्थिर ठेवतं, आंबटपणा सोसतं.

पहिले दोन महिने नुसतं शेण. मग रोज अर्धा किलो अन्न, आठवड्याने एक किलो, असं वाढवत न्या. शेणाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नका. खानावळीत सुट्टीच्या दिवशी काहीच उरत नाही आणि ऑर्डर रद्द झाली की पातेलंभर उरतं. ते पातेलंभर एका दिवसात टाकीला देऊ नका, जास्तीचं खतात जाऊ द्या. लिंबाची सालं आणि कांद्याची टरफलं बाजूला काढा. हाडं, अंड्याची कवचं, तमालपत्र, चहाच्या पिशव्या आणि अर्थातच प्लॅस्टिक नको. तर्रीचं तेल जास्त गेलं तर वर फेस आणि साय धरते. नणंदबाईंना दोन डबे ठेवायला सांगा, कारण हे निवडण्याचं काम खानावळीतच झालं पाहिजे. घरी आणल्यावर कुणी निवडत नाही. अन्न मिक्सरमधून नको, पण हाताने कुस्करून शेणकाल्यात, म्हणजे शेण-पाण्याच्या मिश्रणात, मिसळून घाला.

शेणाबद्दलही दोन गोष्टी. गोठा मातीचा असेल तर शेणासोबत वाळू येते, ती टाकीच्या तळाला बसते आणि पाच-सात वर्षांत टाकी निम्मी करते. जमलं तर गोठ्याला कोबा करा, नाहीतर काला केल्यावर दहा मिनिटं थांबून वरचा भाग सोडा आणि तळाचा गाळ बाहेर काढा. आणि फिनाइलने गोठा धुतलेलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. गायीला प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू असेल तेवढे दिवस तिचं शेण वेगळं ठेवा. जे औषध गायीच्या अंगातले जंतू मारतं, ते टाकीतलेही मारतं.

पाणी हा तुमच्या भागातला खरा प्रश्न आहे. शेणाला तितकंच पाणी लागतं, म्हणजे रोज ५० लिटर. एप्रिल-मेमध्ये बोअर ओढला की घरातलं माणूस आधी इथेच काटकसर करतं, काला घट्ट होतो आणि टाकीला साय धरते. त्यावर आमचा उपाय असा, की आउटलेटला आलेल्या स्लरीचं पातळ पाणी गाळून निम्म्या पाण्याच्या जागी पुन्हा काल्यात वापरायचं. त्यात जिवाणूही असतात, वाया काही जात नाही. उन्हाळाभर असं केलं तर चालतं. बारमाही करू नका, क्षार आणि अमोनिया साचतो.

थंडीचं मघाशी म्हणालो. या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास सुख असतं. डिसेंबर-जानेवारीत शिरूरकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. जमिनीतली टाकी इतकी गार होत नाही, तरी गॅस एक तृतीयांशाने कमी होईल असं धरून चाला. काला सकाळी सातला न घालता दुपारी घाला, पाणी पत्र्याच्या पिंपात उन्हाला तापवलेलं. घुमटावर पाचटाचा हातभर थर द्या. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. त्या दोन महिन्यांसाठी सिलिंडर घरात राहू द्या. गॅस आला म्हणून कनेक्शन परत करू नका.

कोणता प्लांट बांधायचा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत जमीन बघून बनतं. मुरूम असेल आणि चांगला गवंडी असेल तर दीनबंधू, म्हणजे जमिनीखालचा विटांचा घुमट. 'अ‍ॅफप्रो' संस्थेने तो १९८४ साली काढला. त्यात लोखंड नाही, गंजत नाही, पंचवीस वर्षं सहज जातात. पण गिलावा कसर न ठेवता झाला पाहिजे. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तर गॅस तिथून जातो आणि घरात कुणाला कळतही नाही. काम झाल्यावर पाणी भरून चोवीस तास पातळी बघायची, मगच गवंड्याचे पैसे चुकते करायचे. काळी कापाची जमीन असेल तर मात्र घुमट नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घुमटाला तडा देते. तिथे खादी ग्रामोद्योग पद्धतीचा तरंगत्या टोपीचा घ्या, टोपी लोखंडाऐवजी फायबरची. टोपी वर आली म्हणजे गॅस आहे, खाली गेली म्हणजे संपला, हे घरातल्या लहान मुलालाही दिसतं, हा त्याचा मोठा गुण. रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीचे प्लांट हल्ली झटपट बसतात, स्वस्तही पडतात. कुंपण आणि सावली दिलीत तर ठीक चालतात. शेळी, उंदीर आणि ऊन हे त्यांचे शत्रू.

जागा गोठ्याला लागून, दिवसभर ऊन येणारी, विहिरीपासून किमान १५ मीटर लांब, मोठ्या झाडापासून दूर. कडुलिंबाची किंवा वडाची मुळं टाकीत शिरतात. स्वयंपाकघर वीस मीटरच्या आत असावं. पाइपला टाकीकडे उतार द्या आणि जिथे खोलगट भाग येईल तिथे पाणी काढायची चावी. गॅससोबत वाफ येते, ती पाइपात गार होऊन पाणी होते आणि ज्योत गचके खायला लागते. "गॅस कमी येतो" अशा तक्रारींतल्या निम्म्या मी फक्त ती चावी उघडून सोडवल्या आहेत. शेगडी गोबरगॅसचीच घ्या. एलपीजी शेगडीचं भोक बारीक असतं, त्यावर ज्योत मिणमिणते.

सडक्या अंड्याचा वास घरात येऊ नये आणि शेगडी काळी पडू नये म्हणून पाइपवर एक गाळणी बसवा. तुमच्या शेजारी रांजणगावला कितीतरी वर्कशॉप आहेत, तिथून लेथवरचा लोखंडी कीस आणा. तेलकट असेल तर सोड्याच्या पाण्यात धुऊन आठ दिवस ओला करून गंजू द्या आणि फूटभर लांब पाइपात भरा. गंज तो वायू धरून ठेवतो. काही महिन्यांनी कीस काळा पडला, की बाहेर मोकळ्या हवेत पसरा, पुन्हा तांबूस होतो. पसरताना तो गरम होतो, म्हणून गवताच्या गंजीजवळ नको.

आता पाचट. टाकीत अजिबात घालू नका. उसाच्या पाचटात लिग्निन असतं, ते हे जिवाणू चाळीस दिवसांत पचवू शकत नाहीत. शिवाय ते तरंगतं, जाड साय धरतं आणि आउटलेट तुंबवतं. पण पाचट आणि गोबरगॅस यांची गाठ दुसऱ्या टोकाला पडते, आणि मला या सगळ्या खटाटोपातला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. गॅससाठी म्हणून प्लांट बांधणारे पुष्कळ भेटतात. दहा वर्षांनी ज्यांचा प्लांट चालू दिसतो, ते सगळे स्लरीसाठी तो चालवत असतात.

तुमच्या आउटलेटला रोज शंभर लिटर स्लरी येईल. ५० किलो शेणात कोरडा भाग दहा किलो, त्यातला तीनेक किलो गॅस होऊन जातो, सात किलो उरतो. वर्षाचे अडीच टन. त्यात नत्र दीड टक्क्याच्या थोडं वर, म्हणजे वर्षाला ४० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे, तुमच्या दोन एकरांना २०० किलो. तेव्हा स्लरी तुमच्या उसाचा पाचवा हिस्सा भागवेल. "स्लरी असली की युरिया बंद", असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, निदान पहिल्या काही वर्षांत नाही. पण हेच शेण उकिरड्यावर उघडं पडलं असतं, तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडून गेलं असतं आणि पावसात वाहून गेलं असतं. टाकीतून नत्र कुठे जात नाही. गॅस होऊन जातो तो कार्बन. शिवाय स्लरीतल्या नत्राचा मोठा भाग पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात असतो, आणि तणांचं बी पुष्कळ मेलेलं असतं. खुरपणीच्या मजुरीत ते दिसतं.

एक चूक मात्र सगळे करतात. स्लरी खड्ड्यात उन्हाला वाळवतात आणि वाळलेलं खत शेतात नेतात. वाळवताना तो हाताशी आलेला अमोनिया उडतो. मग एवढं करून मिळवलं काय? ओली स्लरी पाटाच्या पाण्यासोबत सोडा, ज्या दिवशी उसाला पाणी द्यायची पाळी असेल त्या दिवशी. ठिबक असेल तर दोनदा गाळल्याशिवाय नको, ड्रीपर बसतील.

आणि पाळी नसेल त्या दिवशीची स्लरी पाचटावर. ऊस तुटल्यावर पाचट जाळू नका, ताई. तुमच्याकडे अजून जाळत असतील, मला ठाऊक आहे. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात तोडणीनंतर संध्याकाळी आकाश लाल दिसतं आणि मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. पाचटात कार्बन खूप आणि नत्र नगण्य, म्हणून ते नुसतं लवकर कुजत नाही. स्लरीत नत्र आहे, ओलावा आहे आणि जिवाणूही आहेत. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकात, सरीआड पाचट ठेवून त्यावर स्लरी सोडा, किंवा बांधावर थर देऊन ढीग करा: पाचट, स्लरी, पाचट, स्लरी. ढीग तीन-साडेतीन महिन्यांत काळा, भुसभुशीत होतो. जे पाचट टाकीच्या तोंडातून जात नव्हतं, ते अशा रीतीने टाकीमुळेच खत झालं.

सासूबाईंविषयी. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांना माझ्याकडून एवढं विचारा, की तुमच्या सासूबाई नैवेद्याचा स्वयंपाक कशावर करायच्या? गोवऱ्यांवरच ना? आपण शेणाने अंगण सारवतो, त्यावर रांगोळी काढतो. गॅसची ज्योत तर निळी, बिनधुराची. गोवऱ्यांच्या धुराने त्यांच्या पिढीचे डोळे गेले आणि छाती भरली. तरीही मन घेत नसेल तर नैवेद्य सिलिंडरवर करा, तो थंडीसाठी आहेच घरात. कित्येक घरी मी पाहिलंय, वर्षभराने आजी स्वतः त्याच शेगडीवर पुरण शिजवतात. मात्र त्यांना पटायच्या आधी टाकीला संडास जोडू नका. देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी संडासाला जोडलेले गोबरगॅस आपल्याच जिल्ह्यात आयुष्यभर उभे केले, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते तंत्र पूर्ण विश्वासाचं आहे. पण ते घराच्या संमतीने आलं तरच टिकतं.

आता जे सांगतो ते घरातल्या प्रत्येकाला, गड्याला आणि पोरांनाही वाचून दाखवा. टाकीत कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने उतरायचं नाही. रिकामी दिसली तरी नाही, झाकण दोन दिवस उघडं ठेवलं तरी नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो, माणसाला वाटतं वास गेला, आणि दोन श्वासांत तो कोसळतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे बाप. एका घरातली तीन-चार माणसं एका टाकीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच घडतात. एक जण पडला तर दुसऱ्याने उतरायचं नाही, वरून दोर टाकायचा, अग्निशामक दलाला फोन करायचा. गाळ काढायचा असेल तर तो मशिनने, बाहेरून. इनलेट आणि आउटलेट दोन्हींवर जड फरशीचं झाकण, वासरू किंवा मूल पडणार नाही असं. टाकीजवळ विडी नाही.

गॅस उरला तर हवेत सोडू नका, जाळा. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट हवा तापवतो. गळका प्लांट उघड्या उकिरड्यापेक्षाही वाईट, असं मी लोकांना सांगतो. साबणाचं पाणी घेऊन महिन्यातून एकदा सगळे सांधे तपासा.

पैशाचं. अनुदान जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत येतं. तुम्हाला शिरूर पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांना भेटावं लागेल. रक्कम प्लांटच्या आकारावर आणि प्रवर्गावर ठरते आणि बदलत असते, तेव्हा तिथूनच विचारा. आधी मंजुरी घ्या, मग खड्डा खणा. औंधला 'महाऊर्जा' या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं कार्यालय आहे, सौर पंपाची चौकशी तिथे करता येईल.

सुरुवातीच्या भरणीला शेण खूप लागतं. रोज २ घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीत चार हजार लिटर काला मावतो, म्हणजे दोन टन शेण. तुमच्या गोठ्यातून ते जमायला चाळीस दिवस लागतील आणि जुनं शेण वाळून निकामी होतं. म्हणून भावकीतल्या गोठ्यांना आधी सांगून ठेवा, शेण ओल्या गोणपाटाखाली ठेवा, आठवड्याभरात टाकी भरा. विरजण म्हणून जवळच्या चालू प्लांटमधून दोन-तीन पिंपं स्लरी आणा, ते फार कामाचं. मग दोन ते तीन आठवडे काहीही न घालता थांबायचं. पहिला जो गॅस येतो त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड असतो, तो पेटत नाही. टाकीजवळ काडी ओढून पाहू नका. तो बाहेर सोडून द्या. दुसऱ्यांदा भरेल तो शेगडीवर लावून बघा. ज्योत निळी लागली, की दुसऱ्या दिवसापासून रोजचा काला सुरू, पहिला आठवडा निम्माच.

आठ दिवसांची वजनं लिहून झाली, की मला कळवा. सोबत जमीन मुरमाड आहे की काळी, तेही. चार फुटांवर खणून पाहा, वरच्या मातीवरून ठरवू नका.